दुसऱ्या दिवशीचे मटण

महाराष्ट्रातील घरोघरच्या स्वयंपाकात शिल्लक अन्नाचा बंदोबस्त ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, ताकात कालवलेली शिळी भाकरी किंवा उरलेल्या वरणात कणीक भिजवून केलेले पराठे यांच्या रूपाने ती आपल्या नित्याच्या न्याहारीत इतकी मुरून गेली आहे की, तिला विद्या म्हणावे हेही आपल्या ध्यानात राहत नाही. या विद्येचा जो भाग मांसाहाराशी संबद्ध आहे, त्याविषयी मात्र मराठीत फारसे लिहिले जात नाही. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो आणि भाकरीबरोबर अधिक रुचतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु रस्सा संपून पातेल्याच्या तळाशी चारदोन बोट्या, हाडांना बिलगलेले मांस आणि थिजलेल्या चरबीचा थर एवढाच ऐवज उरला, म्हणजे त्याचे काय करावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक फार चांगले उत्तर ठाणे जिल्ह्यातील स्वयंपाकघरांनी पूर्वीच शोधून ठेवले आहे, आणि ते म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या संगतीने केलेले, बाहेरून खुसखुशीत आणि आतून लुसलुशीत असे तळलेले पॅटिस.

ठाणे जिल्हा म्हणताना माझ्यासमोर मुख्यत्वे भिवंडी आहे. कामवारी नदीच्या काठी वसलेल्या या गावाची ओळख आज यंत्रमागांचे शहर अशी असली, तरी त्याचे खरे वैशिष्ट्य, माझ्या मते, तेथे एकत्र आलेल्या चुलींत आहे. आगरी, कोळी, कुणबी आणि कोकणी मुसलमान हे येथले जुने रहिवासी. 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेल्या मोमीन विणकरांची कुटुंबे येथे आली आणि त्यांनी आपले हातमाग मांडले. पुढे हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, तेलुगू भाषी पद्मशाली विणकरांनी पद्मनगर आणि कामतघर भागांत आपली वस्ती केली, आणि 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेल्या संपानंतर कापडाच्या उत्पादनाचा फार मोठा हिस्सा या शहराकडे वळल्यामुळे उत्तर प्रदेश, बिहार आणि ओरिसा येथील कामगारांचा ओघही वाढला. बारा तासांच्या पाळीत माग चालविणारा एकटा कामगार खाणावळीवजा भिशीत जेवतो, आणि तेथे मोजून शिजविलेल्या मटणातून उरण्यासारखे काही राहत नाही. म्हणून हा पदार्थ भिशीचा नव्हे, तो कुटुंबाच्या चुलीचा आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

त्या चुलींवर मांस आणि त्याला धरून ठेवणारा एखादा पिष्टमय पदार्थ यांची जोडी निरनिराळ्या मार्गांनी जमलेली दिसते. मोमीन घरांनी उत्तरेकडून शमी कबाब आणला, ज्यात मांस चण्याच्या डाळीबरोबर मऊ होईतो शिजवून, पाट्यावर वाटून, चपट्या टिकिया करून तळतात. ठाणे-कल्याणच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत खिमा पॅटिसला सणासुदीच्या सामिष जेवणात मानाचे पान असते. त्यात बटाट्याची पारी करून तिच्या पोटात कोरडा परतलेला खिमा भरतात आणि रव्यात घोळवून तव्यावर तांबूस करतात. पश्चिमेकडे वसईच्या बाजूला मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात, आणि त्याहून दक्षिणेस गोव्यात, हाच पदार्थ पोटॅटो चॉप या नावाने ओळखला जातो. जातपात, धर्म आणि भाषा यांच्या सीमा ज्या परिसरात पुष्कळदा कटुतेने आखल्या गेल्या, आणि भिवंडीने तर 1970 व 1984 या वर्षांत त्या कटुतेची अतिशय भयंकर रूपे पाहिली, त्या परिसरात एकाच युक्तीवर इतक्या घरांचे एकमत व्हावे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

बटाटा या जोडीत उशिरा आला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारांवर सहस्रावधी वर्षे पिकणारे हे कंद पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले, आणि एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या थंड हवेत, तेथे ठेवलेल्या चिनी बंदिवानांच्या हातून, त्यांची लागवड होऊ लागली. पुणे जिल्ह्यातील खेड, मंचर आणि सातगाव पठार हे टापू आज बटाट्यासाठी प्रसिद्ध आहेत. इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर रविवारी भाजलेल्या मांसाचा जो भाग उरे, त्याचे सोमवारी कटलेट करण्याचा दस्तूर खानसाम्यांच्या हाती पडला, आणि बर्फाची सोय नसलेल्या उष्ण मुलखात तो लवकरच अंगवळणी पडला. कर्नल केनी-हर्बर्ट यांनी 1878 साली मद्रासमध्ये ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने जे पाकशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या वाचकांच्या गृहव्यवस्थेत उरलेल्या मांसाचा प्रश्न रोजचाच होता. जपानात मेजी काळात फ्रेंच क्रोकेटचे ‘कोरोक्के’ झाले, आणि बटाटा व थोडासा खिमा यांचे ते वडे आज तेथे खाटकाच्या दुकानातही तळून मिळतात. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही 1954 पर्यंत इंग्लंडमध्ये मांसाचे रेशनिंग होते, तेव्हा मूठभर मांसात बटाटा मिसळून सबंध कुटुंबाचे ताट भरण्याची ही युक्ती तेथील गृहिणींना फार उपयोगी पडली. गरज आणि चव यांची अशी गाठ ज्या थोड्या पदार्थांत पडते, त्यांपैकी हा एक होय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, कारण शिल्लक मटणाचे पॅटिस ज्यांच्या हातून कढईत फुटतात, त्यांचा दोष बहुधा हाताचा नसून समजुतीचा असतो. कच्च्या खिम्याचा कबाब आणि शिजलेल्या मांसाचे पॅटिस हे दिसायला सारखे असले, तरी त्यांची घडण संपूर्णपणे भिन्न आहे. कच्च्या मांसात मायोसिन नावाचे प्रथिन असते. मीठ घालून खिमा मळला की ते सुटे होऊन चिकट बनते, आणि आचेवर गोठले म्हणजे मांसाच्या कणांना परस्परांशी घट्ट जखडून टाकते, म्हणूनच सळईवरचा सीख कबाब अन्य कोणत्याही आधारावाचून टिकतो. शिजलेल्या मांसातील हे प्रथिन एकदा गोठून चुकलेले असते आणि ते पुन्हा सैल होत नाही. त्यामुळे असे मांस कितीही बारीक वाटले आणि कितीही मळले, तरी त्याचे कण परस्परांना धरीत नाहीत. दगडी भिंतीत चुन्याने जे काम करावयाचे, ते येथे बटाट्याने करावयाचे असते. शमी कबाबातील चण्याची डाळ हेच काम करते, आणि मांस शिजवून मग घडविण्याची ती रीत पाहिली, म्हणजे पॅटिसचे जवळचे नाते सीख कबाबाशी नसून शमीशी आहे, हे सहज ध्यानात येते.

यातूनच प्रमाणाचा नियम निघतो. बटाट्याचे वजन मांसाच्या निदान दीडपट, आणि हात नवा असेल तर दुप्पट असावे: पाव किलो हाडे काढलेले मांस असेल, तर अर्धा किलो बटाटा. मांस जास्त घातले की पॅटिस अधिक उंची होतील असे वाटते खरे, परंतु निम्म्याहून अधिक मांस झाले की तळताना त्यांना तडे जाऊ लागतात. एखादे अंडे फोडून घातले तर बंध बळकट होतो. ते ज्यांना चालत नाही, त्यांनी दोन चमचे भाजलेले बेसन घालावे, त्याचा खमंगपणा मटणाला चांगला मानवतो.

बटाट्याची निवड आणि त्याची निगा यांवर या पदार्थाचे निम्मे यश अवलंबून आहे. बटाट्यात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडे अधिक पाणी असते, आणि उरलेल्या भागात मुख्यत्वे पिष्ट असते. नव्या हंगामाच्या कोवळ्या बटाट्यात पाण्याचा अंश अधिक, म्हणून पॅटिसला थोडा जुना, कोरडा बटाटा बरा. तो सालीसकट, अखंड उकडावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. फोडी करून कुकरमध्ये घातलेला बटाटा ओलसर होतो आणि मग त्याची भरपाई पाव किंवा मैदा कालवून करावी लागते, आणि चव मारली जाते. सोलल्यावर तो गरम असतानाच किसणीवर किसून किंवा हाताने मोडून परातीत पसरून ठेवावा. त्यातून वाफ निघून जाते, आणि जसजसा तो निवतो तसतसे उकडताना फुगलेले पिष्ट पुन्हा घट्ट होऊ लागते, त्यामुळे गार झालेला बटाटा गरमपेक्षा आकार अधिक चांगला धरतो. मिक्सरमध्ये मात्र तो कदापि फिरवू नये. त्याच्या पेशी फुटून पिष्ट मोकळे झाले की चिकट, ताणला जाणारा लगदा तयार होतो आणि मग त्याला उपाय राहत नाही. बटाटे कच्चे असताना फ्रीजमध्ये ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत असते, तीही येथे नडते, कारण फार गारठ्यात बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते आणि असे पॅटिस आत गरम होण्यापूर्वीच बाहेरून काळपट पडतात.

भिवंडीच्या निजामपुऱ्यातील एका घरी बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी मी हे काम चालू असलेले पाहिले. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करून एक गोरगरिबांना आणि एक आप्तेष्टांना देण्याची रीत असली, तरी घरचा तिसरा वाटा आणि आप्तांकडून आलेले वाटे मिळून घरात मांस मुबलक होते, आणि त्यातील शिजलेला काही भाग शेवटी उरतोच. घरातील वृद्ध खाला जमिनीवर पाट घेऊन बसल्या होत्या. पातेल्यातली प्रत्येक बोटी त्या बोटांनी उलगडीत, धाग्याच्या दिशेने मांस सोडवीत आणि हाड वेगळ्या ताटलीत ठेवीत. नळीतला मगज त्यांनी काडीने काढून बाजूला घेतला, पारदर्शक चिवट पडदे निपटून टाकले, आणि सोडविलेले मांस सुरीने आडवे बारीक चिरले. हाडाची एखादी कपची राहिली आहे की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी ते सगळे पुन्हा एकदा चिमटीतून फिरविले. त्यानंतर तव्यावर मांसाला चिकटून आलेला रस्सा पूर्ण आटेपर्यंत त्या ते परतीत राहिल्या. सून दोनदा आता पुरे म्हणाली, तरी त्यांनी तवा उतरविला नाही, उलथण्याने मांस एका बाजूस सारून तव्याचा मोकळा भाग ओला दिसतो की काय ते पाहिले, आणि तो कोरडा दिसल्यावरच आच बंद केली.

तो कोरडेपणा ही या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, हे मला त्या दिवशी नीट उमगले. मटण दीर्घकाळ शिजताना त्याच्या स्नायूंभोवतीचे चिवट आवरण विरघळून त्याचा सरसासारखा द्रव होतो. रस्सा थंड झाल्यावर जो थिजतो तो यामुळेच. गार मिश्रणात हा थिजलेला रस उत्तम बंधासारखा भासतो, पॅटिस सुरेख वळले जातात, आणि आपण निश्चिंत होतो. परंतु कढईत पडताच तो वितळून पुन्हा पाणी होतो, त्या पाण्याची वाफ होते, आणि बाहेर पडण्यासाठी वाट शोधणारी ती वाफ पॅटिस फोडून टाकते. थिजलेली चरबीही अशीच फसवते, म्हणून तिचा वरचा थर काढून घ्यावा आणि हवा तर कांदा परतण्यासाठी वापरावा.

दुसऱ्या दिवशीच्या मांसाला फ्रीजमधून काढल्यावर जो एक किंचित खवट, पुठ्ठ्यासारखा वास येतो, त्याचेही कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे. शिजलेल्या मांसातील लोहाच्या संसर्गाने त्यातील स्निग्धांशाची हवेशी प्रक्रिया होते आणि त्यातून हा वास उत्पन्न होतो. टिम्स आणि वॉट्स या अमेरिकन संशोधकांनी 1958 साली त्याचे वर्णन केले, आणि लवंग, दालचिनी यांसारख्या मसाल्यांतील द्रव्यांमुळे ही प्रक्रिया मंदावते, असे पुढील संशोधनात आढळले. मसाल्यात शिजलेल्या आपल्या मटणाला हा दोष मुळातच कमी जाणवतो. तरीही पॅटिसमध्ये बारीक चिरून तांबूस परतलेला कांदा, आले, लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर ताजा गरम मसाला, आणि भरपूर कोथिंबीर-पुदिना घालावा. भिवंडीकडील घरांतून पुदिन्याचा हात सढळ असतो, आणि तो तसाच असावा असे माझे मत आहे. मीठ मात्र सगळे मिसळून, चाखून, मगच घालावे, कारण मांसात ते पूर्वीच असते आणि बटाट्यात मुळीच नसते.

मिसळण्याचे काम हलक्या हाताने करावे. मांसाचे धागे दाताखाली स्वतंत्रपणे यावेत, अशीच अपेक्षा असते. ज्यांना प्रभू घरांतील रीत आवडते, त्यांनी मांस बटाट्यात न मिसळता पारी करून भरावे. त्यास हातोटी लागते, परंतु पॅटिस मोडल्यावर आतला तिखट ऐवज वेगळा लागतो, आणि पाहुण्यांसाठी तीच रीत अधिक शोभते. रोजच्या घरात मिसळलेलेच बरे. हाताला तेल लावून, मोठ्या लिंबाएवढा गोळा घेऊन तो तळहातावर चपटा करावा, सुमारे दीड बोट जाडीचा ठेवावा, आणि कडेला पडलेली प्रत्येक चीर अंगठ्याने मिटवावी, कारण तेल तेथूनच आत शिरते. मग पॅटिस ताटात मांडून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावेत. वरील आवरणासाठी रवा चालतो, आणि त्याने येणारा करकरीतपणा मला विशेष प्रिय आहे. परंतु गावातल्या बेकरीचा पाव उरला असेल, तर तो उन्हात किंवा तव्यावर कडक वाळवून त्याचा चुरा करावा, म्हणजे एका शिल्लक जिनसाला दुसऱ्याची साथ मिळते.

तळण्यास कढईभर तेल लागतेच असे नाही. पसरट तव्यात पॅटिसच्या निम्म्या उंचीपर्यंत तेल पुरते. तेल 170 ते 180 अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असावे, आणि मापक नसेल तर चुऱ्याचा एक कण टाकून पाहावा: तो लगेच बुडबुडे काढीत वर आला आणि काळा न पडता तांबूस झाला, तर तेल योग्य आहे. आतले सगळे शिजलेलेच असल्यामुळे आपणास केवळ बाहेरचे कवच तयार करायचे आणि आतपर्यंत ऊब पोचवायची असते. तेल कमी तापले तर कवच उशिरा बनते, तोवर पॅटिस तेल पितात आणि सैल पडतात. एकाच वेळी तवा भरून टाकला, तरी तेलाची उष्णता उतरून तेच घडते. एकदा टाकल्यावर खालची बाजू पक्की होईपर्यंत त्यास हात लावू नये, आणि एकदाच उलटावे. तळल्यावर थेट थाळीत न ठेवता जाळीवर ठेवावेत. थाळीत तळाशी वाफ कोंडून नुकतेच मिळविलेले कवच मऊ पडते.

शिल्लक मांसाच्या बाबतीत एक सावधगिरी सक्तीची आहे, आणि तिच्याविषयी कोणतीही सवलत देऊ नये. सुमारे 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतूंची वाढ झपाट्याने होते, आणि मांसाचे मोठे पातेले ओट्यावर रात्रभर सावकाश निवत राहिले, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स यांसारख्या जंतूंना, ज्यांची बीजे शिजण्यातूनही वाचतात, ते अतिशय सोयीचे ठरते. म्हणून जेवण आटोपल्यावर दोन तासांच्या आत उरलेले मटण उथळ भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे; भिवंडीच्या दमट उन्हाळ्यात, किंवा वीज गेल्यावर, ही मुदत आणखी कमी धरावी. दोन-तीन दिवसांच्या आत त्याचे पॅटिस करावेत, आणि करण्यापूर्वी तव्यावर परतताना मांस वाफाळेपर्यंत तापवावे. पूर्वी फ्रीज नव्हते तेव्हा मांस मीठ लावून वाळवीत किंवा चरबीत शिजवून ठेवीत, तो काळ आठवून आज ओट्यावरच्या पातेल्यावर विसंबणे योग्य नव्हे. त्या रीती वेगळ्या होत्या आणि त्यांत मिठाचे प्रमाणही वेगळे होते.

वर्षातील एक दिवस असा असतो की, त्या दिवशी दोन-तीन दिवसांच्या मुदतीचा विचारच करावा लागत नाही. आषाढ महिन्याच्या अमावास्येला, जिला लोक गटारी म्हणतात, ठाणे जिल्ह्यातील आगरी, कोळी, कायस्थ अशा सर्व सामिष घरांत मटण शिजते, आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागत असल्यामुळे पुष्कळ घरांत त्याचा कणही मागे ठेवता येत नाही. अशा घरांत दुपारच्या जेवणातून उरलेल्या मटणाचे पॅटिस त्याच संध्याकाळी करण्याची वहिवाट मला फार शहाणपणाची वाटते. एकाच मटणाची दोन वेळी दोन भिन्न रूपे पानात येतात, शेजारच्या घरी ताटली जाते, आणि पातेले रात्रीच घासून पालथे घालता येते.

हे पॅटिस खाताना सोबत फार काही लागत नाही. पातळ चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि पुदिन्याची चटणी पुरे. पावात घालून खाल्ले तर तेच दुपारचे जेवण होते, आणि रात्री पाळीवरून परतणाऱ्या घरच्या माणसासाठी न तळलेले चार पॅटिस वेगळे काढून ठेवले, तर त्यास गरम पदार्थ मिळतो. न तळलेले, चुऱ्यात घोळविलेले पॅटिस झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहतात. तळलेले मात्र ज्या त्या वेळेपुरतेच करावेत, कारण गार झाल्यावर कवचातला करकरीतपणा जातो, आणि मांस पुन्हा पुन्हा गार-गरम करीत राहणे प्रकृतीलाही चांगले नसते.